जर्मन बनावटीचे बास ट्रॉम्बोन : आवाज आणि हाताळणी कशी ताडून पाहावी

बास ट्रॉम्बोन, म्हणजे खालच्या सुरांचं, सरकत्या नळीचं पितळी वाद्य, हातात आलं की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात. दोन्ही व्हॉल्व्ह दाबायचे, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळ्यात खालचा स्वर दणदणीत फुंकायचा. खिडक्यांच्या काचा थरथरतात, आजूबाजूचे हसून माना डोलावतात आणि वाद्य पसंत पडतं. जर्मन वाद्यांची पारख करायला याहून निरुपयोगी चाचणी मला माहीत नाही. तो स्वर आजकालच्या कुठल्याही बऱ्या वाद्यावर निघतो. जर्मन वाद्यांचं वेगळेपण दोन ठिकाणी असतं : मधल्या सप्तकात हळू वाजवताना, आणि हळूवरून मोठ्याकडे जाताना आवाजाचा रंग ज्या जागी पालटतो त्या जागी. पुढची सगळी खटपट ती जागा शोधण्यासाठी आहे.

हा लेख टेनर ट्रॉम्बोन वाजवता येणाऱ्या आणि आता बास घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. मुंबई-गोव्याकडे ट्रॉम्बोन म्हणजे बहुतेक टेनरच. त्यामुळे चार-पाच बास ट्रॉम्बोन शेजारी ठेवून वाजवून पाहायची सोय आपल्याकडे जवळपास नाहीच. शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत असाल, किंवा तिकडे जाणं होणार असेल, तर संधी वाया घालवू नका. पण पूर्वतयारीशिवायही जाऊ नका.

आधी घराणं ओळखा

'जर्मन ट्रॉम्बोन' या नावाखाली दोन वेगळी घराणी नांदतात. त्यांची सरमिसळ केली की तुलनेला काही अर्थ राहत नाही.

पहिलं पारंपरिक जर्मन घराणं. त्याची मुळं लाइपझिगमध्ये आहेत. क्रिस्टियान फ्रीडरिश झाटलर या कारागिराने तिथे १८३९ मध्ये बी फ्लॅट ट्रॉम्बोनला एक व्हॉल्व्ह जोडला. अंगठ्याने तो दाबला की जास्तीची नळी उघडते आणि वाद्य बी फ्लॅटवरून खालच्या एफवर जातं. त्याआधी खालच्या पट्टीसाठी एफमधला वेगळा लांबलचक बास ट्रॉम्बोन वापरत. त्याची स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, हाताला पुरत नसे, म्हणून तिला दांडी लावलेली असे. आजचा बास ट्रॉम्बोन मूळ लांबीला टेनरएवढाच असतो, साधारण पावणेतीन मीटर. फरक नळीच्या व्यासात, बेलच्या, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाच्या, आकारात आणि व्हॉल्व्हच्या संख्येत आहे.

या घराण्याची वाद्यं नजरेनेच ओळखू येतात. बेल मोठी आणि पत्रा पातळ. बेलच्या काठावर बाहेरून धातूची रुंद पट्टी, तिला जर्मन लोक 'क्रान्झ' म्हणतात. ती बहुधा जर्मन सिल्व्हरची असते, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची. त्यात चांदी नावालाही नसते. वळणांवर सापाच्या आकाराची नक्षी. जुन्या वाद्यांना थुंकी काढायची चावी नसते. स्लाइडचा बाहेरचा भाग उतरवून पाणी झटकायचं. आणि माउथपीसच्या पुढे जो अरुंद लीडपाइप असतो, तो बऱ्याच पारंपरिक वाद्यांत वेगळा बसवलेला नसतो.

दुसरं घराणं जर्मनीत बनलेल्या, पण अमेरिकन धाटणीच्या वाद्यांचं. विसाव्या शतकात अमेरिकन घडण जगभर पसरली आणि जर्मन कारागिरांनीही ती आत्मसात केली. यातली ठरावीक मापं म्हणजे स्लाइडच्या आतल्या नळीचा व्यास ०.५६२ इंच, म्हणजे १४.३ मिलिमीटर, आणि बेल साडेनऊ इंच, म्हणजे २४१ मिलिमीटर. काही वाद्यांत स्लाइडचा खालचा पाय वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवतात, ०.५७८ इंच. याला ड्युअल बोअर म्हणतात.

आता दोन्हींच्या मधली वाद्यंही भरपूर निघतात : अमेरिकन मापाची स्लाइड आणि जर्मन पद्धतीची क्रान्झवाली बेल, किंवा उलट. म्हणून वाद्य हातात घेतल्यावर पहिला प्रश्न 'कुठल्या कंपनीचं' हा विचारू नका. स्लाइड कुठल्या घराण्याची, बेल कुठल्या, लीडपाइप वेगळा आहे का आणि व्हॉल्व्ह कुठल्या जातीचे, एवढं वहीत लिहून घ्या. पुढे कानाला जे ऐकू येईल त्याचा अर्थ या चार उत्तरांवरून लागतो.

माहितीपत्रक वाचताना एक सावधगिरी : जर्मन पद्धतीत 'बी' म्हणजे आपला बी फ्लॅट, 'हा' म्हणजे बी नॅचरल आणि 'गेस' म्हणजे जी फ्लॅट. 'बी-एफ-गेस-डी' असं लिहिलेलं दिसलं तर ते दोन व्हॉल्व्हचं नेहमीचं वाद्य आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

स्वतःचा माउथपीस बरोबर हवाच. दुकानातल्या माउथपीसवर केलेली तुलना म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून पेपर वाचणं. बास ट्रॉम्बोनला साधारणपणे मोठ्या दांड्याचा माउथपीस बसतो, पण जुन्या जर्मन वाद्यांत माउथपीस बसवायची खोबण वेगळ्या मापाची असू शकते. माउथपीस आत हलतोय किंवा जेमतेम टोकावर अडकतोय असं वाटलं तर त्या वाद्याबद्दल मत बनवू नका. कारागिराकडे योग्य दांड्याचा माउथपीस मागा आणि त्याच माउथपीसवर उरलेली वाद्यंही एकदा वाजवा. नाहीतर तुलना माउथपीसची होईल, वाद्याची नाही.

टेनरवरून येणाऱ्यांनी अगदी रुंद माउथपीसच्या मागे लागू नये. बाख कंपनीचा दीड जी मापाचा माउथपीस, ज्याची कड आतून सुमारे २७ मिलिमीटर आहे, एवढ्यावर सुरुवात उत्तम होते. रुंद माउथपीसमुळे खालचे स्वर लवकर हाती येतात, पण मधल्या सप्तकातली धार बोथट होते, आणि आपल्याला पाहायचं आहे नेमकं तेच.

दुसरं म्हणजे ऐकणारा माणूस. ही गोष्ट बहुतेक जण टाळतात आणि मग घरी आल्यावर पस्तावतात. ट्रॉम्बोनचे वरचे, झळाळीचे ध्वनितरंग बेलच्या समोर अरुंद पट्ट्यात जातात. खालचे सगळीकडे पसरतात. वाजवणारा बेलच्या मागे असतो, त्यामुळे त्याच्या कानावर गोल, जाडसर आवाजच जास्त येतो. समोर बसलेल्याला तेच वाद्य कर्कश वाटत असू शकतं. तेव्हा सहा-आठ मीटरवर बसून ऐकणारं कोणीतरी हवं. तो ट्रॉम्बोनवाला नसला तरी चालेल. गाणं ऐकणारा, कान तयार असलेला मित्र पुरे.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर हळूचं मोठं आणि मोठ्याचं हळू होतं, आणि ज्या फरकासाठी आपण आलो तोच पुसला जातो. ती बंद करता येत नसेल तर मुद्रणाचा उपयोग फक्त स्वर सुरात आहे का आणि आघात, म्हणजे स्वराची सुरुवात, स्वच्छ आहे का, हे तपासायला करा.

कारागिराकडे जायचं तर आधी वेळ ठरवून जावं. छोट्या कार्यशाळांत तयार वाद्यं फार थोडी असतात, बाकी मागणीनुसार बनतात. आधी कळवलंत तर तुमच्या गरजेची दोन-तीन वाद्यं बाजूला काढून ठेवतील. ट्यूनर ४४२ हर्ट्झवर लावा. जर्मन वाद्यवृंद साधारण ४४२ ते ४४३ वर जुळवतात, आणि वाद्यंही तिथे सुखाने बसतात. तुमच्या गावातला पियानो ४४० वर असेल तर ट्यूनिंग स्लाइड किती बाहेर काढावी लागते, तेही बघून घ्या.

फुंकण्याआधी : स्लाइड आणि व्हॉल्व्ह

स्लाइडवर जितका वेळ घालवाल तितका थोडा. बेलचा आवाज पुढे बदलून घेता येतो, नवी बेलही बसवता येते. वाकडी स्लाइड मात्र रोज छळते.

स्लाइड बेलपासून वेगळी करा आणि दोन्ही उघडी तोंडं वर येतील अशी उभी धरा. दोन्ही तोंडांवर बोटं घट्ट दाबा, खाली दुसरा हात किंवा मऊ गादी ठेवा आणि कडी सोडा. स्लाइड हवाबंद असेल तर बाहेरचा भाग खाली पडत नाही; आतल्या पोकळीच्या ओढीने लोंबकळत राहतो किंवा अगदी सावकाश उतरतो. भराभर उतरला तर हवा गळते आहे. आता बोटं उचला : बाहेरचा भाग कुठेही न अडकता सळकन खाली आला पाहिजे. हवाबंद पण अडकणारी स्लाइड आणि सैल पण गळकी स्लाइड, दोन्ही नकोत. सातव्या पोझिशनच्या जवळ (स्लाइडच्या सात ठरावीक जागांपैकी शेवटची), म्हणजे बाहेर पूर्ण ताणलेली असताना, हात किंचित डावीकडे-उजवीकडे करून परत हलवून बघा. दोन्ही पाय समांतर नसले तर तिथेच करकर जाणवते.

पारंपरिक जर्मन स्लाइडच्या दोन पायांमधलं अंतर बऱ्याचदा जास्त असतं. उजव्या हाताची पकड त्यामुळे उघडी पडते. लहान हाताच्या माणसाने हे पाच मिनिटांत ठरवू नये. अर्धा तास वाजवल्यावर मनगट काय सांगतं ते ऐकावं.

व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. एफ व्हॉल्व्ह न दाबता त्याच्या नळीची छोटी ट्यूनिंग स्लाइड दोन-तीन सेंटीमीटर ओढा. तीन-चार सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'टप्' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. आवाज आला नाही तर थांबलात तेवढ्या वेळात हवा आत शिरली, म्हणजे व्हॉल्व्ह गळतो. नव्या वाद्यात हे सहसा होत नाही. वापरलेलं घेत असाल तर ही तपासणी चुकवू नका. दुसऱ्या व्हॉल्व्हचंही असंच.

वजनाची गोष्ट बोलायला कंटाळवाणी आहे, पण बास ट्रॉम्बोनचा सगळा भार डाव्या हातावर असतो, आणि दोन व्हॉल्व्हचं वाद्य एक व्हॉल्व्हच्या पारंपरिक वाद्यापेक्षा चांगलंच जड असतं. मोठी बेल, क्रान्झ आणि दोन व्हॉल्व्ह एकत्र आले की तोल पुढे जातो की मागे, हे उभं राहून पाहा, बसून नाही. अंगठा एफच्या चावीवर आणि मधलं बोट दुसऱ्या चावीवर सहज पोचतं का? चावी दाबताना बाकीची पकड सुटते का? चावीचं पातं वाकवून कारागीर बोटाच्या मापाने बसवून देतो, तेव्हा लाजू नका, सांगा.

आता आवाज : रंग कुठे पालटतो

स्वर घ्या बास क्लेफमधल्या दुसऱ्या रेषेवरचा बी फ्लॅट, पहिल्या पोझिशनवर, व्हॉल्व्हशिवाय. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर. अगदी ऐकू येईल-न येईल अशा आवाजात सुरू करा आणि बारा मात्रांत पूर्ण जोरापर्यंत जा. न थांबता बारा मात्रांत परत खाली या. श्वास पुरत नसेल तर चढण आणि उतरण वेगवेगळी करा. समोरच्या माणसाचं काम एवढंच, की आवाजात पितळेची धार ज्या मात्रेला पहिल्यांदा दिसेल तो आकडा कागदावर लिहायचा. मग हेच पट्टीखालच्या एफवर, सहाव्या पोझिशनला.

अमेरिकन धाटणीच्या वाद्यावर रंग बराचसा एकसारखा वाढत जातो. आवाज मोठा होतो, रुंद होतो, मध्याशी एक घट्ट गाभा राहतो आणि धार उशिरा आणि हळूहळू येते. चांगल्या पारंपरिक जर्मन वाद्यावर वेगळंच घडतं. हळू वाजवताना आवाज मऊ, गडद, जरा धुक्यासारखा पसरलेला असतो, आणि मध्यम जोरापर्यंत तसाच राहतो. मग एका टप्प्यावर तो उघडतो, आणि पुढच्या दोन-तीन मात्रांत सोनेरी झळाळी चढते. हे उघडणं ज्याला आवडतं त्याला दुसरं काही आवडत नाही. ज्याला आवडत नाही त्याला ते बेभरवशाचं वाटतं. दोघांचंही चूक नाही, पण तुम्ही कोणत्या बाजूचे हे वाद्य घेण्यापूर्वी कळायला हवं.

यामागचं कारण बऱ्यापैकी ठाऊक आहे. १९९६ मध्ये हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जोरात वाजवलेल्या ट्रॉम्बोनमध्ये दाबाची लाट नळीतून जाताना पुढून ताठ होत जाते आणि आघातलहर तयार होते. पितळी धार म्हणतो ती ही. नळी जितका वेळ अरुंद आणि एकसारख्या व्यासाची राहील तितकी लाट ताठ व्हायला वाव मिळतो. जितक्या लवकर ती रुंदावत जाईल तितकी धार लांबणीवर पडते. म्हणजे धार कुठे येणार हे आधी आतल्या पोकळीच्या आकारावरून ठरतं, धातूचा नंबर नंतर.

म्हणूनच धातूवरून होणाऱ्या वादांत फार पडू नये. पिवळं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोल्ड ब्रास ८५ आणि १५. त्याहून लाल रंगाचं ९० आणि १०. तांबं वाढलं की आवाज 'उबदार' होतो, असं दुकानात हमखास ऐकवतात. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचणारा फरक मात्र वाजवणाऱ्याच्या हाताला आणि ओठाला जाणवणाऱ्या फरकापेक्षा बराच लहान असतो. तरी हाताला जे जाणवतं त्यानेच आपण वाजवतो, त्यामुळे ते खोटं म्हणून सोडूनही देता येत नाही. शक्य असेल तर एकाच स्लाइडवर दोन धातूंच्या बेल लावून बघा. बेल मळसूत्राने सुटणारी असेल तर ते दोन मिनिटांचं काम आहे.

क्रान्झचंही तसंच. पातळ पत्र्याच्या काठाला बळकटी देण्यासाठी ती आली, आणि काठाची थरथर ती आवरते. व्यवहारात याचा अर्थ असा, की पूर्ण जोरात वाजवताना आवाज फाटायच्या आधी थोडी जास्त जागा मिळते. चढण संपताना, शेवटच्या दोन मात्रांत हे ऐका. धार येणं वेगळं, फाटणं वेगळं. धारेत स्वर ओळखू येतो. फाटल्यावर फक्त पत्रा ऐकू येतो.

परतीच्या वाटेकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला वाटतं खरी परीक्षा तिथेच आहे. जोरातून हळूकडे येताना रंग ज्या मात्रेला उघडला होता त्याच्या आसपासच मिटला पाहिजे. काही वाद्यं चढताना सुरेख उघडतात, पण उतरताना धार धरून बसतात, आणि मग एकदम गप्प होतात. अशा वाद्यावर लांब स्वर मिटवणं म्हणजे रोजची कसरत.

आघात आणि श्वास

जीभ न लावता, नुसत्या श्वासाने पट्टीखालचा एफ सुरू करा. स्वर श्वासाबरोबर बोलतो का किंचित मागून येतो? वेगळा लीडपाइप नसलेली वाद्यं सुरुवातीला फार मोकळी वाटतात. टेनरवरून आलेल्याला तर हवा कुठे जाते तेच कळत नाही. त्यावर घाईने 'हे वाद्य श्वास खातं' असा शिक्का मारू नये. दहा मिनिटं मध्यम जोरात साधे सरगमसारखे चढउतार वाजवा, मग पुन्हा एफ. बहुतेकांचा श्वास तेवढ्यात जागा शोधतो. ज्यांचा शोधत नाही त्यांनी बदलता येणारे लीडपाइप असलेलं वाद्य बघावं. अरुंद आणि रुंद असे दोन-तीन लीडपाइप लावून फरक लगेच कळतो.

सुमारे चाळीस मिनिटं वाजवून झाल्यावर पहिल्या वाद्यावर परत या आणि बी फ्लॅटची चढण पुन्हा करा. ताज्या ओठांवर सगळंच गोड लागतं.

खालचा भाग

आता तो खालचा स्वर, ज्याने सगळे सुरुवात करतात.

थोडं गणित उपयोगी पडेल. एफ व्हॉल्व्ह दाबला की वाद्य लांब होतं, म्हणून पोझिशन्सही एकमेकींपासून दूर सरकतात आणि स्लाइडवर सातऐवजी जेमतेम सहा उरतात. एकाच व्हॉल्व्हवर खालचा सी सातव्या पोझिशनच्याही जरा पुढे, स्लाइडच्या टोकाला येतो, आणि त्याखालचा बी नॅचरल हाताबाहेरच जातो. दुसरा व्हॉल्व्ह याच अडचणीपोटी आला. दोन्ही दाबल्यावर वाद्य डीवर येतं. मग सी साधारण चौथ्या पोझिशनला आणि बी नॅचरल पाचव्या-सहाव्याच्या मध्ये मिळतो.

दोन व्हॉल्व्हची मांडणी दोन तऱ्हेची. स्वतंत्र, म्हणजे दुसरा व्हॉल्व्ह एकटा दाबता येतो आणि जी फ्लॅट देतो. किंवा अवलंबून, म्हणजे पहिल्याबरोबरच काम करतो. स्वतंत्र मांडणीत बोटांना जास्त वाटा मिळतात, पण दोन्ही व्हॉल्व्ह मुख्य नळीवर बसतात, त्यामुळे न दाबतासुद्धा हवा दोन्हींतून जाते. अवलंबून मांडणीत न दाबता हवा एकाच व्हॉल्व्हमधून जाते. काहींना तो मोकळेपणा महत्त्वाचा वाटतो. मी स्वतः स्वतंत्र मांडणीच्या बाजूचा, पण तो सवयीचा प्रश्न आहे.

व्हॉल्व्हचं कसब ओळखायला पट्टीखालचा एफ दोन वाटांनी वाजवा : सहाव्या पोझिशनला व्हॉल्व्हशिवाय, आणि पहिल्या पोझिशनला एफ व्हॉल्व्ह दाबून. ऐकणाऱ्याने पाठ फिरवावी आणि तुम्ही क्रम उलटसुलट करावा. कोणता कोणता हे त्याला ओळखता आलं नाही तर व्हॉल्व्ह उत्तम. जी फ्लॅट स्वतंत्र असेल तर पाचव्या पोझिशनच्या जी फ्लॅटबरोबर हाच खेळ. जुन्या पद्धतीचा फिरता व्हॉल्व्ह, अमेरिकेतल्या थेयरचा शंकूसारखा व्हॉल्व्ह आणि स्वित्झर्लंडच्या हागमानचा व्हॉल्व्ह यांत हवेची वाट कमी-जास्त सरळ असते, आणि त्यावरून वर्षानुवर्षं चर्चा चालतात. ही पाठ फिरवायची चाचणी केली की त्यातली निम्मी तिथेच संपते. साधा फिरता व्हॉल्व्ह नीट बनवला असेल तर तो कुणाला हार जात नाही. आणि कोपऱ्यावरच्या कुठल्याही पितळी वाद्यांच्या दुकानात तो दुरुस्त होतो, हा त्याचा मोठाच गुण.

दुसऱ्यांबरोबर

बास ट्रॉम्बोन एकट्याने वाजवायचं वाद्य नाही. दोन टेनरवाले आणि जमलं तर एक ट्यूबावाला गाठा. जर्मनीत हौशी वाद्यवृंद आणि चर्चच्या आवारातले 'पोझाउनेनकोर', म्हणजे पितळी वाद्यांचे संघ, ठिकठिकाणी आहेत. नवीन माणसाला बहुतेक ठिकाणी आनंदाने बसवून घेतात.

ताडून पाहायला ब्राह्म्सच्या पहिल्या सिंफनीतल्या (१८७६) चौथ्या भागातला ट्रॉम्बोनचा हळू कोराल, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रासारखी धून, घ्या. पहिल्या तीन भागांत तिन्ही ट्रॉम्बोन गप्प असतात आणि या कोरालात हळू, भरीव सुरात वाजतात. त्या छोट्या तुकड्यात बास ट्रॉम्बोनला लपायला जागा नाही. तुमच्या वाद्याचा हळू आवाज इतरांच्या खाली सतरंजीसारखा पसरतो की वेगळा उठून दिसतो, ते वरच्या दोघांना विचारा. पारंपरिक जर्मन वाद्य इथे जिंकतं, जर वरचे दोघेही तशाच वाद्यांवर असतील. दोघे अमेरिकन मापाच्या टेनरवर असतील तर तेच वाद्य बुळबुळीत, कडा हरवलेलं वाटू शकतं. एकाच कारागिराकडून तिन्ही वाद्यं घेण्याची पद्धत जर्मनीत म्हणूनच आहे. तुमचे जोडीदार काय वाजवतात, हे तुमच्या आवडीइतकंच वजनदार आहे.

कुठे बघाल

सॅक्सनीतल्या फोग्टलांड भागातलं मार्कनॉयकिर्शन हे वाद्यकारागिरांचं गाव. तिथल्या व्हायोलिनवाल्यांचा संघ १६७७ पासूनचा. बी अँड एस तिथलीच. हेल्मुट फोग्ट आणि युर्गन फोग्ट यांच्या कार्यशाळाही तिथल्याच. वेगवेगळ्या घडणीची वाद्यं एका दिवसात हाताळायची असतील तर हे गाव सोयीचं, आणि वाद्यांचं संग्रहालयही बघून होतं. उत्तरेला ब्रेमेनमध्ये टाइन बंधू आणि लेच. टाइनकडे धातू, क्रान्झ, व्हॉल्व्ह हे सगळं ग्राहकाच्या पसंतीने ठरवून वाद्य बनवतात. त्यासाठी आपल्याला काय हवं हे आधी ठाऊक पाहिजे, नाहीतर पर्यायांच्या गर्दीत हरवून जाल. फ्रँकोनियातल्या मार्क्ट एर्लबाखमध्ये क्यूनल उंड होयर, १८५० पासूनचे. त्यांच्याकडे साध्या वाद्यांपासून वरच्या दर्जापर्यंत मोठी रांग आहे. पहिला बास घेणाऱ्याने तिथून सुरुवात केली तर खिसा आणि कान दोन्ही सांभाळले जातात.

एर्फुर्टच्या क्रुस्पेची जुनी वाद्यं अधूनमधून विकायला येतात. नाव मोठं आहे, आवाजही अनेकदा मोहात पाडतो. पण जुनी स्लाइड, दुरुस्त्या आणि माउथपीसचं माप या तीन गोष्टी कारागिराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन वाद्यांवर येऊन अडलात तर महिनाभर घरी न्यायला मिळेल का विचारा. बऱ्याच ठिकाणी अनामत ठेवून देतात. घरी नेल्यावर दोन्ही रोज वाजवू नका. एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरं. रोज अदलाबदल केली की ओठ कुठल्याच वाद्याचे होत नाहीत.

कोकणपट्टीत आणायचं असेल तर

जर्मनीतली कोरडी हिवाळी हवा आणि मुंबईचा जुलै यांत पितळेला फार फरक पडतो. लाखेचं पॉलिश नसलेली वाद्यं दिसतात सुंदर, आणि परंपरेलाही ती धरून आहेत. समुद्राकाठी मात्र ती दर आठवड्याला काळी पडतील. पत्र्याला त्याने लगेच इजा होत नाही, पण घामाचे डाग आणि हिरवा गंज डाव्या हाताच्या पकडीपाशी सुरू होतो. तिथे चामड्याची पट्टी बांधा, आणि दर काही दिवसांनी ती सोडून खालचं पितळ पुसा. ओली पट्टी बांधून ठेवली तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त.

मोठा धोका आतून असतो. पिवळ्या पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, ठिसूळ तांबं उरतं. सुरुवात बहुधा लीडपाइपपासून होते, कारण थुंकी आणि श्वासाची वाफ आधी तिथे साचते. ८५ टक्के किंवा जास्त तांब्याचे मिश्रधातू याला चांगले टिकतात. तेव्हा गोल्ड ब्रासचा लीडपाइप आणि शक्य असेल तर स्लाइडचं खालचं वळणही गोल्ड ब्रासचं मागा. बेलच्या धातूवर जेवढा खल होतो त्याच्या चौथाई जरी यावर झाला तरी वाद्य बरंच जास्त चालेल. थुंकीची चावी नसलेलं पारंपरिक वाद्य घेत असाल तर ती बसवून घेणं आपल्या हवेत शहाणपणाचं; कारागीर कुरकुर करेल, पण करून देईल.

वाजवून झाल्यावर स्लाइड उतरवून पाणी काढा, आतून कापड फिरवा. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आणि लवचीक ब्रशने धुवा. कढत पाणी नको, त्याने लाख सुटते. व्हॉल्व्हला तेल घालताना अक्षाच्या दोन्ही टोकांना वेगळं जाड तेल आणि आतल्या फिरत्या भागासाठी पातळ तेल, हे कारागिराकडूनच एकदा हातोहात शिकून या. विमानात बेल कधीही मऊ पिशवीत देऊ नका, आणि कडक पेटीतही बेलच्या तोंडात कपडे ठासून भरा. पातळ जर्मन पत्र्याला पहिला पोचा बहुतेक वेळा तिथेच बसतो.